गतीचे वर्णन कोठून करावे?

माध्यमिक शाळेच्या विज्ञानात गतीचा धडा हा सोपा धडा समजला जातो. स्थान, अंतर, विस्थापन, चाल, वेग, त्वरण अशा पाच-सहा व्याख्या, दोन-तीन सूत्रे आणि आगगाडीची काही उदाहरणे एवढ्यावर तो आटोपतो. परीक्षा झाली की आपण तो विसरतो. आमच्या मते मात्र त्या धड्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे, आणि ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडसारख्या तालुक्यांकडे पाहताना तो जितका ठळक दिसतो तितका इतरत्र क्वचितच दिसत असेल. एखादा माणूस, एखादी जमात, एखादा सबंध तालुका ‘पुढे गेला’ किंवा ‘मागे राहिला’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते आपण कोठे उभे राहून म्हणतो?

आपल्या सार्वजनिक भाषेतील किती शब्द गतीचे आहेत पाहा. प्रगती, अधोगती, पुढारलेला, मागासलेला, चळवळ, वाटचाल. ‘मागास’ हा शब्द तर सरकारी दप्तरात इतका रुळला आहे की तो मुळात दिशादर्शक शब्द आहे याचाच आपल्याला विसर पडला आहे. मागे म्हणजे कशाच्या मागे? दिशा कोणी ठरवली? शून्याचा दगड कोठे रोवला? पदार्थविज्ञानाचा विद्यार्थी हे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायला शिकतो. वस्तूचे स्थान सांगायचे तर आधी आरंभबिंदू हवा, दिशा हव्यात आणि घड्याळ हवे. या तिन्हींना मिळून संदर्भचौकट म्हणतात. चौकट सांगितल्याविना ‘ही वस्तू स्थिर आहे’ हे वाक्य खोटेही नसते आणि खरेही नसते. ते अपुरे असते.

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेल्या लोकलचे उदाहरण घेऊ. कल्याण ते कसारा हे अंतर सुमारे ६७ किलोमीटर आहे. गाडीला सव्वा तास लागला असे धरले, तर तिची सरासरी चाल ताशी ५४ किलोमीटरच्या आसपास भरते. खिडकीत बसलेल्या माणसाला वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी एकामागून एक मागे जाताना दिसतात. रुळाकाठचे साग-पळस धावत सुटतात, लांबचा माहुलीचा डोंगर मात्र सावकाश सरकतो. आपण सहज म्हणतो, की हा दृष्टिभ्रम आहे, झाडे काही धावत नाहीत. गतीचे शास्त्र असे म्हणत नाही. डबा हीच चौकट मानली, तर झाडांना खरोखरच ताशी ५४ किलोमीटरचा, उलट्या दिशेचा वेग आहे. तो मोजता येतो आणि त्यावरून पुढचे स्टेशन केव्हा येईल याचे अचूक गणित करता येते. चूक वर्णनात नसते. आपण डब्यातून पाहत आहो हे सांगायचे राहून जाते, तेथे चूक शिरते.

हा विचार फार जुना आहे, आणि त्याच्या इतिहासात आपल्या देशाचा आणि आपल्या ख्रिस्तसभेचाही वाटा आहे. आर्यभटाने इ. स. ४९९ मधील आपल्या ग्रंथात नावेतील माणसाचा दाखला दिला आहे. नाव पुढे जाते आणि माणसाला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात. आकाशातील स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात ते तसेच. चौदाव्या शतकात निकोल ओरेम या विद्वान धर्मगुरूने हाच मुद्दा फ्रान्समध्ये मांडला. संत तेरेजामुळे आपल्या परिचयाच्या झालेल्या लिझ्यू येथे ते १३७७ मध्ये बिशप झाले. पृथ्वी फिरते की आकाश फिरते याचा निकाल नुसत्या निरीक्षणाने लागू शकत नाही, असे त्यांनी जहाजाचाच दाखला देऊन दाखवले, आणि तरीही अखेर पृथ्वी स्थिर आहे या पक्षातच ते राहिले. वेगाचे चित्र काढण्याची कल्पनाही ओरेम यांचीच. आडव्या रेषेवर काळ, तिच्यावर उभ्या रेषांनी वेग, आणि तयार होणाऱ्या आकृतीचे क्षेत्रफळ म्हणजे कापलेले अंतर. आज शाळेत मुले काढतात तो वेग-काल आलेख एका बिशपांच्या लेखणीचा वंशज आहे, हे आपल्या शाळांतून कधी सांगितले जात असेल का, कोण जाणे.

त्यानंतर गॅलिलिओ आला. १६३२ च्या संवादग्रंथात त्याने वाचकाला जहाजाच्या तळघरातील बंद खोलीत नेले. भांड्यात मासे पोहत आहेत, फुलपाखरे उडत आहेत, टांगलेल्या बाटलीतून पाणी थेंबाथेंबाने खालच्या भांड्यात पडत आहे. जहाज उभे असो की एकसमान वेगाने जात असो, आतल्या कोणत्याही हालचालीवरून ते ओळखता येणार नाही. पुढच्याच वर्षी त्याच्यावर खटला झाला. वादात यहोशवाच्या ग्रंथातील दहाव्या अध्यायाचा, सूर्य गिबोनावर थांबल्याच्या उल्लेखाचा, मोठा वाटा होता. वास्तविक तो उल्लेख जमिनीवर उभ्या असलेल्या सैनिकांच्या चौकटीतील आहे, आणि त्या चौकटीत सूर्याचे थांबणे-चालणे हीच स्वाभाविक भाषा आहे. आजही आपण सूर्य उगवला असेच म्हणतो. पवित्र शास्त्राला खगोल शिकवायचा नव्हता, हे गॅलिलिओने स्वतः १६१५ मध्येच एका पत्रात लिहिले होते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी ३१ ऑक्टोबर १९९२ रोजी विज्ञान अकादमीपुढे त्या काळच्या ईशज्ञानपंडितांच्या चुकीची कबुली दिली. एका चौकटीतील वर्णनाला सर्व चौकटींचे सत्य मानल्याची किंमत ख्रिस्तसभेने साडेतीनशे वर्षे मोजली, असे आम्हांस वाटते.

येथे एक सावधगिरी हवी. ‘सगळे सापेक्ष आहे’ असे म्हणून हात झटकण्याची सोय गतीच्या शास्त्रातून अनेकांनी काढली आहे. ज्याचे त्याचे सत्य ज्याच्या त्याच्यापाशी. शास्त्र असे काही सांगत नाही. डब्यात एखादा विक्रेता ताशी ४ किलोमीटर चालीने इंजिनाच्या दिशेने चालला असेल आणि गाडी ताशी ५४ किलोमीटरने जात असेल, तर फलाटावरचा माणूस त्याचा वेग ५८ सांगेल आणि बाकावरचा ४ सांगेल. दोघांचे आकडे वेगळे, पण दोघांत भांडण नाही, कारण एकाच्या आकड्यावरून दुसऱ्याचा आकडा काढण्याचा नियम दोघांनाही ठाऊक आहे. सापेक्षता म्हणजे संवाद तुटणे नव्हे. दुसऱ्याच्या जागेवरून काय दिसत असेल याचे गणित करण्याची ती सक्ती आहे. ख्रिस्ती नीतिविचारात शेजारधर्माची जी कसोटी आहे, तिच्याशी याचे काही नाते आहे असे आम्हांला वाटते. पण ते फार ताणू नये, कारण गणित केल्याने कोणी शेजारी होत नाही.

शिवाय काही गोष्टी अशा आहेत की ज्या सापेक्ष नाहीतच. डोळे मिटून बसलेल्या प्रवाशाला गाडीचा एकसमान वेग जाणवत नाही. पण गाडीला ब्रेक लागला की उभे असलेले सारे एकदम पुढे झुकतात. कसाऱ्याला मेलगाडीला मागून जादा इंजिने जोडतात, कारण पुढे थळ घाटात ३७ मीटर चालीमागे १ मीटर चढ आहे. ती इंजिने जोडताना बसणारा हिसका झोपलेल्यालाही कळतो. वेगातील बदलाच्या दराला त्वरण म्हणतात. जुन्या मराठी पुस्तकांत त्याला प्रवेग असाही शब्द आहे. परस्परांच्या संदर्भात एकसमान वेगाने सरकणाऱ्या सर्व चौकटींतून पाहिले, तर वेगाचे आकडे निरनिराळे येतात, त्वरण मात्र सर्वांना सारखेच भरते. फलाटावरच्या माणसाने, शेजारच्या रुळावरून एकसमान धावणाऱ्या गाडीतील माणसाने आणि रानातल्या गुराख्याने मोजले तरी तोच आकडा.

आता पुन्हा तालुक्याकडे येऊ. ‘मागासलेपण’ हे वेगासारखे आहे. ते कोणाच्या तरी तुलनेत असते, कोणी तरी आखलेल्या दिशेत असते. मुंबई हा आरंभबिंदू धरला आणि मुंबईची दिशा तीच पुढची दिशा मानली, की शहापूर आपोआप मागे जाते, जशी झाडे मागे जातात. विकास म्हणजे नेमके कोणत्या दिशेने जाणे, हा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर हरित वसईच्या चळवळीनेही विचारला होता. दिशेवाचून वेग नसतो, नुसती चाल असते. शहापूर तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून नागपूरपर्यंत सलग खुला झाला आहे. त्याची लांबी ७०१ किलोमीटर आणि मोटारींना परवानगी आहे ताशी १२० किलोमीटरची. ही चाल झाली. तिच्याखालच्या पाड्याचा वेग कोणत्या दिशेने बदलला, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर रस्त्याच्या फलकावर मिळणार नाही.

तहान मात्र त्वरणासारखी आहे. चौकट बदलली म्हणून ती कमी होत नाही. हे म्हणण्याची गरज अशासाठी, की आदिवासींबद्दल बोलताना हल्ली एक गोड युक्तिवाद ऐकू येतो: त्यांना आपल्या फूटपट्टीने मोजू नका, ते त्यांच्या जगात सुखी आहेत. पहिला अर्धा भाग आम्हांला मान्य आहे. दुसऱ्या अर्ध्यात लबाडी आहे. वैशाखात कोरड पडलेला घसा आणि उपाशी निजलेले मूल यांचे वर्णन ठाकर, वारली, कातकरी, शहरी, कोणाच्याही चौकटीतून सारखेच भरते. अर्थात ही उपमा आहे, सिद्धांत नव्हे. पदार्थविज्ञानातून नीती निघत नाही. परंतु कोणते शब्द तुलनेचे आणि कोणते प्रत्यक्ष सोसण्याचे, एवढी निवड करण्याची सवय त्यातून लागू शकते.

शहापूर तालुक्यात तानसा आणि भातसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून नळांतून मुंबईकडे जात आहे. त्याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. ‘धरण उशाला, कोरड घशाला’ हे वाक्य वर्तमानपत्रांनी इतक्या वेळा छापले आहे की त्याची धार बोथट झाली. म्हणून आम्ही ती गोष्ट गतीच्या भाषेत मांडून पाहतो. समजा, पाण्याची जागा, म्हणजे एखादी खोल गेलेली विहीर किंवा ओढ्याच्या पात्रात उकरलेला झरा, घरापासून दीड किलोमीटरवर आहे. बाई दिवसाला चार खेपा करते. एक खेप तीन किलोमीटरची, म्हणजे दिवसाचे अंतर १२ किलोमीटर. तिचे विस्थापन किती? विस्थापन म्हणजे पहिल्या स्थानापासून शेवटच्या स्थानापर्यंतची सरळ रेघ. सकाळी ती दारातून निघाली, संध्याकाळी दारातच आहे. विस्थापन शून्य. सरासरी वेगही शून्य, कारण विस्थापनाला काळाने भागून तो काढतात. टंचाईचे शंभर दिवस धरले तर ती १,२०० किलोमीटर चालली. मुंबईहून नागपूर रेल्वेने ८४० किलोमीटरच्या आत आहे. त्यातली निम्मी वाट डोक्यावर चुंबळ आणि भरलेले हंडे घेऊन. आणि शंभर दिवसांचे विस्थापन? तेही शून्यच.

हे शून्य खोटे आहे असे म्हणण्याचा मोह होतो. पण पदार्थविज्ञानावर येथे रागावण्याचे कारण नाही. त्याने दोन्ही राशी दिल्या आहेत, अंतर आणि विस्थापन, आणि त्या एक नव्हेत हे पहिल्याच पाठात बजावले आहे. विस्थापन मार्ग विसरते, अंतर मार्ग लक्षात ठेवते. कोणत्या प्रश्नासाठी कोणती राशी वापरायची ही निवड मात्र आपली असते, आणि ती निवड करताना आपण वारंवार सोयीचे शून्य निवडतो. ‘ती बाई जिथे होती तिथेच आहे’, ‘ही माणसे पुढे सरकतच नाहीत’ ही विधाने विस्थापनाची आहेत. ती कष्टाचे वर्णन म्हणून वापरली जातात, तेव्हा बारा किलोमीटरची पायपीट एका शून्यात गडप होते.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी स्त्री आठवावी. प्रभू तिला जिवंत पाण्याविषयी सांगतो आणि ती म्हणते, की मग ते पाणी मला दे, म्हणजे मला पुन्हा पुन्हा येथवर यावे लागणार नाही. प्रवचनांतून आपण ऐकत आलो, की बिचारीला आध्यात्मिक अर्थ कळला नाही. असेलही. पण रोज भर दुपारी विहिरीवर येणाऱ्या बाईने प्रथम खेपांचा विचार करावा यात अज्ञान ते कोणते? आम्हांला तर तिचे उत्तर त्या साऱ्या संभाषणातील सर्वांत अचूक वर्णन वाटते. तिने आपले अंतर सांगितले.

कातकऱ्यांचे वर्षही असेच शून्यावर येते. दिवाळी झाली की मुरबाड-शहापूरच्या वाड्यांतील बिऱ्हाडे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडी-कल्याणकडे आणि आपल्या वसईकडेही. आगोठ लागण्याच्या सुमारास परततात. वर्षअखेरीस विस्थापन शून्य. मात्र गतीचे वर्णन केवळ स्थानाने पुरे होत नाही, त्याला काळही लागतो. त्या सहा-सात महिन्यांत मुलाची शाळा सुटलेली असते. स्थानाच्या आलेखावर माणूस मूळ जागी आला, काळाच्या अक्षावर कोणीच परत येत नाही.

आणि विस्थापन हा शब्द तर मराठीत दोन घरी नांदतो. भौतिकशास्त्राच्या पुस्तकात तो एका सरळ रेघेचे नाव आहे. मुरबाड तालुक्यात, बारवी धरणाची उंची वाढवताना ज्यांची घरे पाण्याखाली गेली त्यांच्या तोंडी, त्याचा अर्थ वेगळा आहे. दोन्ही अर्थांत एक साम्य मात्र विचार करायला लावते. रेघेला फक्त लांबी आणि दिशा असते. जुन्या घरापासून नवे घर चार किलोमीटर आग्नेयेस, एवढेच ती सांगते. मधे कोणता ओढा, कोणते देवस्थान, कोणाचे शेत राहिले, हे तिच्यात मावत नाही. पुनर्वसनाच्या कागदांतही बहुधा तेवढेच मावते.

गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या अखेरच्या ग्रंथात एक शिस्त पाळली, तीही येथे सांगण्यासारखी आहे. पडणाऱ्या दगडाचा वेग का वाढतो, यावर त्या काळी अनेक मते होती. त्याने ती बाजूला ठेवली. आधी वेग कसा वाढतो ते नेमके सांगू, कारणाचे मागाहून पाहू, असा त्याचा पवित्रा होता. कारणाचे उत्तर १६८७ मध्ये न्यूटनने दिले. संत थॉमस अक्वायनस यांनी परमेश्वराच्या अस्तित्वाचा पहिला मार्ग गतीवरून काढला, पण त्यांची गती म्हणजे सर्व प्रकारचा बदल, पाने पिकण्यापासून मन पालटण्यापर्यंत. गॅलिलिओने ती संकल्पना अरुंद केली, त्यात तत्त्वज्ञानाचे काही नुकसानही झाले असेल. मात्र कसे आणि का हे दोन प्रश्न वेगळे ठेवण्याचा फायदा मोठा होता. गरिबीविषयी बोलताना आपला क्रम नेमका उलटा असतो. आपण कारणापासून सुरुवात करतो: ती माणसे आळशी आहेत, दारू पितात, शिकत नाहीत. वर्णन अजून झालेलेच नसते.

वर्णनाची सरकारी पद्धत कशी असते, याचा एक नमुना जनगणनेत सापडतो. २०११ च्या जनगणनेत पिण्याचे पाणी घराच्या आवारात, आवाराजवळ की दूर, असा प्रश्न होता. ग्रामीण भागात अर्ध्या किलोमीटरच्या आत असले तर जवळ, त्यापलीकडे दूर. आरंभबिंदू घर आहे, हे योग्यच झाले. पण सहाशे मीटर आणि तीन किलोमीटर हे दोन्ही ‘दूर’च्या एकाच रकान्यात बसतात. खेपांना रकाना नाही, चढाला नाही, विहिरीवर भांडे भरेपर्यंत थांबण्याच्या वेळेला नाही. तेथे स्थान नोंदले जाते, गती नोंदली जात नाही. आपल्या धर्मग्रामांतून सेवाकार्यासाठी त्या बाजूला जाणारे तरुण-तरुणी कधी पाड्यांची पाहणी करतात, तेव्हा त्यांच्या वहीत हे तीन रकाने घालता येतील: दिवसाच्या खेपा, एका खेपेला लागणारा वेळ, आणि परतीची वाट चढाची की उताराची. त्यासाठी घड्याळ पुरते, आणि एका खेपेला त्या बाईच्या बरोबरीने चालावे लागते.